आपण व आम्ही

आपण व आम्ही : मराठीतील प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे. इंग्रजीत जेथे ‘वी’ हे एकच सर्वनाम येते, तेथे मराठी बोलणाऱ्यास आपल्या बोलण्यात ऐकणाऱ्याचा समावेश करावयाचा की नाही, हे आधी ठरवावे लागते. ऐकणारा त्यात धरला असेल, तर ‘आपण’ आणि धरला नसेल, तर ‘आम्ही’ असे म्हटले जाते. व्याकरणात या भेदास अनुक्रमे समावेशक व व्यावर्तक अशा संज्ञा आहेत. ‘आपण उद्या अकोल्यास जाऊ’ या वाक्याने ऐकणाऱ्यास सोबत येण्याचे निमंत्रण मिळते, तर ‘आम्ही उद्या अकोल्यास जाऊ’ या वाक्याने त्याला मागे ठेवले जाते. इंग्रजी वाक्य मात्र दोहोंसाठी एकच राहते. हा भेद वरवर लहान दिसला, तरी भाषांतर, न्यायव्यवहार, राजकारण आणि साहित्य या सर्व क्षेत्रांत त्याचे परिणाम दिसून येतात.

व्युत्पत्ती : ‘आम्ही’ हे रूप संस्कृतातील ‘अस्म-’ या अंगापासून प्राकृतातील ‘अम्हे’ या रूपाच्या द्वारे आले आहे. ‘तुम्ही’ हे रूपही प्राकृतातील ‘तुम्हे’ या रूपापासून सिद्ध झाले. ‘आपण’ याचे मूळ मात्र पुरुषवाचक सर्वनामात नसून ‘आत्मन्’ या नामात आहे. संस्कृतातील ‘त्म’ या जोडाक्षराचे प्राकृतात ‘प्प’ झाले आणि ‘अप्पा’, ‘अप्पाणो’ अशी रूपे प्रचारात आली. त्यांतून मराठी ‘आपण’, हिंदी ‘आप’ आणि गुजराती ‘आपणे’ ही रूपे निघाली. म्हणजे आज ‘तू आणि मी मिळून’ असा अर्थ देणारा शब्द मुळात ‘स्वतः’ या अर्थाचा होता. संस्कृतात ‘वयम्’ या अनेकवचनाबरोबर ‘आवाम्’ हे द्विवचन होते. परंतु ऐकणारा आत की बाहेर, हा भेद दोहोंतही नव्हता. प्राकृतात द्विवचन लुप्त झाले. इंग्रजीचा इतिहास याच्याशी काही अंशी समांतर आहे. प्राचीन इंग्रजीत ‘आम्ही दोघे’ या अर्थाचे ‘विट्’ असे वेगळे द्विवचनी सर्वनाम होते. तेराव्या शतकाच्या सुमारास ते प्रचारातून गेले आणि ‘वी’ हे एकच रूप उरले. मराठीने द्विवचन गमावल्यावर ‘आत्मन्’ च्या वंशजास नवे काम देऊन एक वेगळाच भेद निर्माण केला.

प्राचीन मराठीतील स्थान : मराठी गद्याचा आद्य मोठा ग्रंथ म्हणजे म्हाइंभटाने इ. स. सु. १२७८ मध्ये सिद्ध केलेले लीळाचरित्र. त्याची रचना अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे झाली. महानुभाव पंथाच्या या केंद्रामुळे वऱ्हाडच्या भूमीचा मराठी गद्याच्या आरंभाशी निकटचा संबंध आहे. लीळाचरित्राची रचना संवादप्रधान असल्याने कोण कोणास कोणत्या सर्वनामाने संबोधतो, हे त्यात पदोपदी पाहावयास मिळते. या काळात ‘आपण’ याचा प्रमुख अर्थ ‘स्वतः’ असाच होता. ज्ञानेश्वरीतही तोच प्रधान आहे. ‘आम्ही’ हे रूप मात्र तेव्हापासून आजतागायत जवळजवळ त्याच अर्थाने टिकून आहे. संतकवितेतील ‘आम्ही’ हे बहुधा भक्तांच्या समुदायाचे असते व ते देवाला उद्देशून उच्चारलेले असते. देव हा ऐकणारा असल्याने तो त्या ‘आम्ही’ मध्ये येत नाही आणि भक्त व देव यांतील अंतर या लहानशा शब्दात व्यक्त होते.

अर्थ व प्रयोग : आजच्या मराठीत ‘आपण’ हे सर्वनाम किमान पाच प्रकारे वापरले जाते. (१) आत्मवाचक : ‘तो आपण होऊन आला’. या अर्थाने ते वाक्याच्या आरंभी येत नाही, नाम वा सर्वनाम यांच्यामागून येते. आधुनिक भाषेत ही जागा बऱ्याच अंशी ‘स्वतः’ या शब्दाने घेतली आहे. तथापि ‘त्याने आपले पुस्तक घेतले’ यासारख्या वाक्यांत ‘आपला’ हे षष्ठीचे रूप अजून दृढ आहे. (२) समावेशक प्रथमपुरुष : ‘आपण जाऊ’, ‘आपण जेवलो’. (३) आदरार्थी द्वितीयपुरुष : ‘आपण कधी आलात?’. हा प्रयोग पत्रव्यवहार, सभा आणि औपचारिक संभाषण यांत आढळतो. घरगुती बोलण्यात वडीलधाऱ्यांसाठीही ‘तुम्ही’ हेच रूप नेहमीचे आहे. (४) अप्रत्यक्ष निवेदनात मूळ वक्त्याचा निर्देश : ‘तो म्हणाला, की आपण येणार नाही’. येथे ‘आपण’ म्हणजे तो स्वतः. (५) एकवचनी प्रथमपुरुष : ‘आपल्याला नाही बुवा हे जमत’. यात बोलणारा स्वतःविषयीच बोलत असतो. मात्र ‘मी’ टाळल्याने विधानाला बेफिकिरीची वा नम्रतेची छटा येते.

एकाच शब्दाचे इतके अर्थ असूनही व्यवहारात घोटाळा क्वचितच होतो. याचे मुख्य कारण क्रियापदाचे प्रत्यय होत. ‘आपण आलो’ म्हटले, की अर्थ प्रथमपुरुषी व ‘आपण आलात’ म्हटले, की द्वितीयपुरुषी, हे प्रत्ययावरून ठरते. कर्ता प्रथमेत नसेल, तेव्हा मात्र हा आधार सुटतो. ‘आपल्याला काय पाहिजे?’ या प्रश्नात दुकानदार गिऱ्हाइकाला विचारीत आहे, की नवरा बायकोबरोबर खरेदीची यादी करीत आहे, हे केवळ प्रसंगावरून समजते. अप्रत्यक्ष निवेदनातील ‘आपण’ हेही असेच संदिग्ध ठरू शकते. ‘त्याने सांगितले, की आपल्याला पैसे मिळाले नाहीत’ या वाक्यात पैसे सांगणाऱ्याला मिळाले नाहीत, की सांगणारा व ऐकणारा या दोघांनाही मिळाले नाहीत, असे दोन अर्थ संभवतात. साक्षीदाराच्या जबाबाचे इंग्रजीत भाषांतर करताना पहिल्या अर्थी ‘ही’ व दुसऱ्या अर्थी ‘वी’ असे सर्वनाम योजावे लागते. कोणास पैसे मिळावयाचे होते, हा वादाचाच मुद्दा असेल, तर भाषांतरकाराची निवड निर्णायक ठरू शकते.

वऱ्हाडी बोलीतील रूपे : जॉर्ज एब्राहम ग्रीअर्सन यांनी आपल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) मराठी व तिच्या बोलींचा परामर्श घेतला असून त्यात वऱ्हाडी व नागपुरी यांचे नमुने दिले आहेत. वऱ्हाडीत ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो व चतुर्थीचा प्रत्यय ‘ले’ असा आहे. त्यामुळे ‘मला, तुला, आम्हाला, आपल्याला’ यांची रूपे ‘मले, तुले, आमाले, आपल्याले’ अशी होतात. ‘आम्ही’ चे ‘आमी’ आणि ‘आपण’ चे ‘आपन’ वा ‘आपुन’ होते. रूपे वेगळी असली, तरी भेद तोच राहतो. ‘चाल, आपन वावरात जाऊ’ असे म्हणणारा शेतकरी सोबत्याला बरोबर घेतो. ‘आमी वावरात चाललो’ म्हणणारा त्याला केवळ खबर देतो. ‘आपल्याले काय करा लागते?’ हा वऱ्हाडातील नित्याचा उद्गार मात्र वर दिलेल्या पाचव्या प्रकारात मोडतो. त्यात अलिप्तता असते आणि ऐकणाऱ्यानेही अलिप्त राहावे, अशी सूचनाही असते.

ग्रामीण वऱ्हाडीत आदरासाठी ‘तुमी’ पुरेसे होते. आदरार्थी ‘आपण’ हे प्रामुख्याने लिखित व औपचारिक भाषेतून परिचित झालेले रूप आहे. अकोल्यातील जठारपेठेसारख्या नागरी वस्तीत घरची वऱ्हाडी आणि शाळा, कचेरी, न्यायालय यांतील प्रमाण मराठी या दोन्ही व्यवस्था एकाच वेळी वापरात असतात. तेथील रहिवासी आपसांतील बैठकीत ‘आपल्या पेठेतले रस्ते’ असे म्हणतील. परंतु तीच तक्रार महानगरपालिकेकडे (स्थापना २००१) लेखी करताना ‘आम्ही खाली सह्या करणारे’ असा आरंभ करून ‘आमच्या पेठेतील रस्ते’ असे लिहितील आणि अधिकाऱ्यास उद्देशून ‘आपण’ हे रूप योजतील. बैठकीत ज्या शब्दाने सर्वांना एकत्र केले, तोच शब्द अर्जात पलीकडच्या बाजूस असलेल्या अधिकाऱ्याचा आदर करण्यासाठी वापरला जातो. अधिकारी स्वतः त्याच पेठेत राहत असला, तरी अर्जाच्या भाषेत तो ‘आम्ही’ मध्ये येत नाही.

भाषिक शेजार : उत्तरेकडील बहुसंख्य भारतीय-आर्य भाषांत हा भेद नाही, हिंदी व उर्दू यांत ‘हम’ हे एकच सर्वनाम दोन्ही अर्थांनी चालते. मराठी, गुजराती व राजस्थानी यांत तो आढळतो. गुजरातीत ‘अमे’ व ‘आपणे’ अशी जोडी आहे. दुसऱ्या बाजूस द्राविडी भाषांचे हे एक ठळक लक्षण आहे. तेलुगूत ‘मेमु’ व ‘मनमु’ आणि तमिळमध्ये ‘नांगळ्’ व ‘नाम्’ अशी दोन सर्वनामे आहेत. प्राचीन कन्नडमध्ये असलेला भेद आधुनिक कन्नडमध्ये मात्र लोपला. त्यामुळे मराठी व गुजराती यांतील हा भेद द्राविडी भाषांच्या दीर्घ सहवासातून आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची कल्पना मांडल्यापासून अशा समान लक्षणांच्या अभ्यासास चालना मिळाली. शब्द स्वतःच्याच भांडारातला आणि त्याची योजना शेजाऱ्याच्या धर्तीवर, असा हा प्रकार होय.

या दृष्टीने वऱ्हाडचे स्थान महत्त्वाचे आहे. येथे तीन भाषाकुलांच्या भाषा शेजारी नांदतात. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुलातील भाषा असून तिच्यात समावेशक व व्यावर्तक हा भेद अनेकवचनाप्रमाणेच द्विवचनातही पाळला जातो. त्यामुळे ‘तू आणि मी’, ‘तो आणि मी’, ‘तुम्ही सारे आणि मी’, ‘ते सारे आणि मी’ या चारही अर्थांसाठी कोरकूत वेगवेगळी रूपे आहेत. पूर्वेस यवतमाळच्या बाजूला बोलली जाणारी कोलामी ही द्राविडी भाषा आहे व तिच्यातही हा भेद आहे. मध्य भारतातील बोली हिंदीत समावेशक अर्थाने ‘अपन’ हा शब्द रूढ आहे. अशा प्रकारे हिंदीच्या सीमेवरील या प्रदेशात इंग्रजी ‘वी’ च्या तोडीची सर्वनामे एक, दोन वा चार असलेल्या भाषा काही कोसांच्या अंतरात ऐकू येतात.

जगातील इतर भाषांतही हा भेद विखुरलेला आहे. मलाय भाषेत ‘किता’ (समावेशक) व ‘कामी’ (व्यावर्तक) अशी रूपे आहेत. यूरोपीय विद्वानांस त्याची स्पष्ट जाणीव प्रथम दक्षिण अमेरिकेत झाली. दोमिंगो दे सांतो तोमास या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या केचुआ भाषेच्या व्याकरणात तो नोंदविलेला आहे. इंग्रजीच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण पापुआ न्यू गिनीतील टोक पिसिन या भाषेचे आहे. तिची शब्दसंपत्ती प्रामुख्याने इंग्रजीवरून आलेली असली, तरी तेथील लोकांना एकट्या ‘वी’ ने काम भागेना. त्यांनी ‘यू’ व ‘मी’ हे शब्द जोडून ‘युमि’ हे समावेशक आणि ‘मिपेला’ हे व्यावर्तक सर्वनाम तयार केले.

व्याकरणकारांची मांडणी : विल्यम केरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाले, वैजनाथ पंडित हे त्यांचे मराठीच्या कामातील साहाय्यक होते. दादोबा पांडुरंग यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ मध्ये व मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृत व इंग्रजी या दोन्ही व्याकरणपरंपरांत प्रथमपुरुषाचे अनेकवचन एकच असल्याने या परंपरांच्या चौकटीत ‘मी – आम्ही’, ‘तू – तुम्ही’ अशा जोड्या सहज बसल्या. ‘आपण’ हे रूप मात्र आत्मवाचक म्हणून वेगळ्या वर्गात गेले आणि ‘आम्ही’ व ‘तुम्ही’ या अर्थांनी आले असता ते पुरुषवाचक मानावे, अशी पुरवणी त्यास जोडावी लागली. शालेय व्याकरणांतून हीच मांडणी रूढ झाली. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला ‘वी म्हणजे आम्ही’ असे पाठ करावयास लावले जाते, ते याच चौकटीमुळे. मराठी शिकणारे परभाषक ‘चला, आम्ही जाऊ’ असे म्हणतात, ही चूकही तेथूनच उद्भवते. त्यातील ‘चला’ हा शब्द ऐकणाऱ्यास बोलावतो आणि लगेच येणारा ‘आम्ही’ त्याला वगळतो. म्हणून मराठी कानास ते वाक्य खटकते.

भाषांतरातील प्रश्न : इंग्रजी ‘वी’ चे मराठी करताना मूळ लेखकाने न सांगितलेली गोष्ट भाषांतरकारास सांगावी लागते. बायबलच्या भाषांतरकारांस हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर भेडसावला. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत ‘आमच्या’ हेच रूप अपरिहार्य आहे; कारण ज्याला हाक मारावयाची, तो पिता स्वतःच्या लेकरांत मोडत नाही. परंतु वादळात सापडलेल्या नावेतील शिष्य गुरूला जागे करून आपला नाश होत असल्याचे सांगतात, तेथे गुरूही बुडणाऱ्यांत धरावयाचा की नाही, हे मूळ ग्रीक क्रियारूपावरून ठरत नाही. ‘आपण’ म्हटल्यास शिष्य त्याला आपल्यासारखाच मर्त्य मानतात, असे दिसते. ‘आम्ही’ म्हटल्यास त्याला मृत्यूचे भय नाही, अशी श्रद्धा सूचित होते. येथे सर्वनामाची निवड ही अर्थनिर्णयाचीच बाब बनते.

इंग्रजी ‘वी’ चे काही विशेष प्रयोग मात्र मराठीत सहज उतरतात. राजाचे ‘वी’ आणि संपादकाचे ‘वी’ यांसाठी ‘आम्ही’ येते. एकोणिसाव्या शतकातील निबंध व अग्रलेख यांतील ‘आम्ही’ हे बहुधा एकट्या लेखकाचे असते. शिक्षकाचे ‘वी’ मात्र ‘आता आपण दुसरे उदाहरण पाहू’ असे ‘आपण’ ने व्यक्त होते. आजारी मुलाला ‘आता आपण औषध घेऊ या’ असे म्हणताना औषध एकट्या मुलानेच घ्यावयाचे असते. तेथील समावेशकता धीर देण्यापुरती असते. पत्राच्या अखेरीस येणारे ‘आपला’ हे इंग्रजी ‘युअर्स’ चे स्थान घेणारे आदरार्थी द्वितीयपुरुषी रूप होय.

सार्वजनिक जीवनातील महत्त्व : ‘आम्ही’ या शब्दाने समुदायाची सीमा आखली जाते, तर ‘आपण’ या शब्दाने ती ऐकणाऱ्यापर्यंत वाढविली जाते. म्हणून राजकीय व सामाजिक इतिहासात या दोन शब्दांना भार प्राप्त होतो. वऱ्हाडच्या इतिहासात हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला. निजामाच्या राज्यातील हा प्रदेश १८५३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला, १९०२ च्या करारान्वये तो कायम भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिला व १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडला गेला. भाषेने मराठी, परंतु प्रशासनाने मुंबई-पुण्यापासून वेगळा, अशा या प्रदेशातील नेत्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील नेत्यांबरोबर ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोला करार केला. एका मराठी प्रांतात दोन उपप्रांत असावेत, ही त्याची मूळ कल्पना होती. पुढे २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला; वऱ्हाड १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. या सर्व वाटाघाटींतील पेच मराठीच्या परिभाषेत सांगावयाचा, तर ‘आम्ही’ किती राखावयाचे आणि ‘आपण’ किती व्हावयाचे, असा होता. नकाशावरील सीमा १९६० मध्ये ठरल्या. सर्वनामाची सीमा मात्र स्वतंत्र विदर्भाच्या मागणीच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने चर्चेत येत राहिली.

भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचा मराठी पाठ ‘आम्ही’ या सर्वनामाने सुरू होतो. गंभीर प्रतिज्ञेस ‘आम्ही’ हे रूप परंपरेने शोभणारे आहे व त्यामागे राजाज्ञेतील ‘आम्ही’ चे वजनही आहे. राजाची जागा लोकांनी घेतली, हा अर्थ त्यातून व्यक्त होतो. संविधान लोक स्वतःलाच अर्पण करीत असल्याने येथे बोलणारे आणि ऐकणारे एकच आहेत. त्यामुळे व्याकरणाने व्यावर्तक असलेले हे सर्वनाम वाचणारा प्रत्येक नागरिक स्वतःच्या मुखाने उच्चारतो आणि तेव्हा त्यातून कोणी वगळला जात नाही.

साहित्यातही हा भेद अर्थवाही ठरला आहे. केशवसुतांनी (१८६६–१९०५) आपल्या प्रसिद्ध कवितेस ‘आम्ही कोण?’ असे नाव दिले. त्यातील ‘आम्ही’ हे कवींचे असून वाचक त्याबाहेर राहतो. कवींच्या या अभिमानाचेच पुढे प्र. के. अत्रे यांनी विडंबन केले. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास आम्हीही इतिहास घडवला (१९८९) या ग्रंथात संकलित केला. त्याच्या शीर्षकातील ‘आम्हीही’ हा शब्द वाचकास उद्देशून आहे व आजवर इतिहास सांगताना ज्यांनी या स्त्रियांना वगळले, त्यांना तो प्रत्युत्तर देतो. ‘आपणही’ असे म्हटले असते, तर हा जाब विचारला गेला नसता. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात अर्थातच ‘वी’ आले आणि मराठी वाचकास पहिल्याच शब्दात कळणारी ही सीमारेषा इंग्रजी वाचकास ग्रंथ वाचून समजून घ्यावी लागते.

इंग्रजी माध्यमाच्या शिक्षणाचा आणि हिंदीच्या सान्निध्याचा मराठीवर परिणाम होत असला, तरी हा भेद बोलीत व प्रमाणभाषेत आजही दृढ आहे. ‘त्याने आपले पुस्तक घेतले’ याऐवजी ‘त्याने त्याचे पुस्तक घेतले’ अशी रचना वाढत असल्याने ‘आपण’ चा मूळ आत्मवाचक अर्थ मागे पडत आहे. परंतु त्याचा समावेशक अर्थ लहान मूलही चुकवीत नाही. ‘स्वतः’ पासून निघालेला हा शब्द ‘तू आणि मी’ पर्यंत येऊन पोहोचला, हा त्याचा सु. सात शतकांचा लिखित इतिहास होय.